घरात टीव्ही बघतं कोण?

इंदूरच्या महाराणी रोडवरच्या त्या दुकानदाराने आम्हाला आधी किंमत विचारली नाही आणि कंपनीही विचारली नाही. भिंतभर लावलेल्या सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी तोच पिवळाजर्द मध चमच्यावरून ओघळत होता, मग एकाच वेळी त्याच लाल-निळ्या पोपटाने पंख पसरले आणि आम्ही दोघे खेडवळासारखे तोंड वासून पाहत राहिलो. त्या झगमगाटाकडे पाठ करून त्याने विचारले, "पहले ये बताओ, घर में टीवी देखता कौन है?" यजमानांनी तत्परतेने सांगितले, "सब देखते हैं." तो हसला आणि म्हणाला, "सबवाला जमाना गया, भिया. सोच के बताओ." त्यानंतर त्याने आम्हाला बरेच काही दाखवले, समजावले, भावही सांगितला, परंतु परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात तेवढा एकच प्रश्न फिरत होता, कारण त्याचे खरे उत्तर मला ठाऊक होते आणि यजमानांनी ते दिले नव्हते.

खरे उत्तर असे की आमच्या घरात टीव्ही फक्त आई बघतात. यजमान क्रिकेट बघतात ते मोबाईलवर, पलंगावर आडवे पडून आणि फोन छातीवर टेकवून. मी स्वयंपाक करताना ओट्यावर फोन उभा करते आणि एका कानात तार घालून मुलाखती ऐकते. चिरंजीव पुण्यात असतात आणि त्यांच्याकडे टीव्हीच नाही, त्यामुळे टीव्ही कोणता घ्यावा याविषयी त्यांची मते फार ठाम आहेत. उरल्या त्या माझ्या सासूबाई. चौऱ्यांशी वर्षांच्या, गुडघ्यांनी अडलेल्या. पूर्वी 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना न चुकता जाणाऱ्या आणि आता पायऱ्या चढवत नाहीत म्हणून घरीच राहणाऱ्या आईंचा संध्याकाळपासून झोपेपर्यंतचा वेळ त्या टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत जातो. नवा टीव्ही त्यांच्यासाठी घ्यायचा होता, आणि दुकानात आम्ही त्यांना बरोबर नेलेच नव्हते.

जुना टीव्ही बिघडल्याचेही त्यांनी आम्हाला सांगितले नव्हते.

एका संध्याकाळी मी बैठकीत दिवा लावायला गेले, तेव्हा मालिकेतली कोणीतरी बाई रडत होती, मागे व्हायोलिन वाजत होते आणि पडदा पूर्ण काळा होता. आई त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून शांतपणे बसल्या होत्या. मी म्हटले, "आई, चित्र दिसत नाही ना?" त्या म्हणाल्या, "अगं, गेले काही दिवस असंच आहे. ऐकू येतं की सगळं. कशाला खर्चात पाडायचं?" मी मोबाईलचा टॉर्च पडद्याला चिकटवून धरला, तेव्हा त्या उजेडाच्या गोलात एक चेहरा, एक मंगळसूत्र आणि हलणारे ओठ अंधुक दिसू लागले. चित्र होते, ते उजळणारा प्रकाश गेला होता. या टीव्हींत पडद्याच्या मागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात आणि पट्टीतले दिवे एकापुढे एक असे जोडलेले असतात, म्हणून एक दिवा गेला तरी त्याच्या रांगेतले सगळे विझतात; पुढच्या काचेतली द्रवस्फटिकांची चौकट मात्र इमानाने चित्र रेखाटत राहते. गल्लीतल्या मेकॅनिकने पट्ट्या बदलून द्यायची तयारी दाखवली, पण हातात घेतलेला पडदा सुटा करताना फुटला तर आपली जबाबदारी नाही, हेही आधीच सांगून ठेवले. पुण्याहून फोनवर निकाल आला की नवाच घ्या. अंधारात मालिका ऐकत बसलेली ती मूर्ती माझ्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून मीही विरोध केला नाही.

मी लग्न होऊन रामबागेतल्या या घरात आले ती १९८८ सालची थंडी होती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झाले होते, आणि रविवारी सकाळी आमची बैठक ही आमची राहत नसे. दोन्ही बाजूंना सरकणारी लाकडी दारे असलेला, चार पायांवर उभा असलेला कृष्णधवल टीव्ही होता. त्याच्या डोक्यावर आईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर पितळी हत्ती. दिवाणावर सासरे आणि शेजारचे दोन काका, सतरंजीवर मुले, भिंतीला टेकून आळीतल्या बायका. मी नवी सून, म्हणून मला मान देऊन पुढे बसवले जाई. आई मात्र स्वयंपाकघराच्या दारात चौकटीवर हात ठेवून उभ्या असत. आत दूध असे, भात असे, कोणाला पाणी हवे असे. त्यांनी युद्धाची पहिली कित्येक दृश्ये त्या दारातून, जवळजवळ काटकोनात बघितली असतील. एकदा मी उठून म्हटले, "आई, तुम्ही बसा, मी बघते आत." तर त्या म्हणाल्या, "मला इथून छान दिसतं."

ते त्या काळी अक्षरशः खरे होते. जुन्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळे आणि लेपच उजळे. प्रकाश काचेवरच निर्माण होत असल्यामुळे तो सगळ्या दिशांना सारखा पसरे. समोर बसणाऱ्या सासऱ्यांना आणि दारात उभ्या असणाऱ्या सासूबाईंना एकच अर्जुन दिसे. आताच्या बहुतेक टीव्हींत प्रकाश मागून येतो आणि स्फटिकांमधून गाळून पुढे जातो, त्यामुळे तुम्ही कुठे बसला आहात याला किंमत आली. पडद्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. एकीत काळा रंग खरोखर गडद काळा दिसतो, पण बाजूला सरकले की चित्र फिके पडते. दुसरीत बाजूनेही रंग टिकतात, पण अंधाऱ्या खोलीत काळ्याचा राखाडी होतो. पहिलीला व्हीए म्हणतात आणि दुसरीला आयपीएस. खोक्यावर हे बहुधा लिहिलेले नसते. तिथे पिक्सेलची संख्या मोठ्या अक्षरांत असते. दुसऱ्यांदा आम्ही दुकानात गेलो तेव्हा मी प्रत्येक टीव्हीच्या शेजारी भिंतीला खेटून उभी राहून पाहिले आणि दुकानातल्या पोरांनी एकमेकांना कोपराने ढोसले. यजमानांना लाज वाटली. पण आमची आरामखुर्ची पडद्याच्या समोर नाही, ती खिडकीजवळ तिरकी आहे, कारण तिथून स्वयंपाकघराचे दार दिसते आणि आईंना ते दिसावे लागते.

त्या काळात रविवारी दुपारी राष्ट्रीय कार्यक्रमात प्रादेशिक भाषांतले चित्रपट लागत, खाली अक्षरे घेऊन. बंगाली झाला, मल्याळम झाला, असमिया झाला, आणि मग केव्हातरी मराठीची पाळी येई. इंदूरच्या मराठी घरांत त्या रविवारी काय होत असे, हे पुण्या-मुंबईच्या माणसांना समजावणे कठीण आहे. त्यांच्याकडे मुंबई केंद्र १९७२ पासून होते आणि मराठी त्यांना नळाच्या पाण्यासारखे येत होते. आमच्याकडे भोवताली हिंदी, शाळेत हिंदी, टीव्हीवर हिंदी, आणि मराठी म्हणजे घरातले बोलणे, गणेशोत्सवातली भाषणे आणि महाराष्ट्र साहित्य सभेतल्या पुस्तकांचा वास. मराठी चित्रपटाच्या रविवारी आई सकाळीच पोळ्या उरकत, ओटा धुऊन टाकत आणि जेवणे झाली की पदराला हात पुसत येऊन थेट दिवाणाच्या मधोमध बसत. सासरे न सांगता कडेला सरकत. वर्षातून अशा जेमतेम काही दुपारी त्यांनी टीव्ही समोरून बघितला.

१९९९ साली अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि हे चित्र पालटले. ती दाखवावी म्हणून मात्र रामबागेतल्या मंडळींनी केबलवाल्याला गळ घातली, कारण त्याच्या मते मराठीला गिऱ्हाईक किती, हा प्रश्न होता. एकदा ती आली आणि आई दारातून खुर्चीत आल्या. तोवर मुलगा मोठा झाला होता, स्वयंपाकघर माझ्याकडे आले होते आणि दारात उभे राहायची पाळी माझी होती. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण नाही म्हटले तरी त्या वर्षांत मला ते थोडे टोचले होते, हेही खरेच आहे. माझ्या वाटची मालिका मी फोडणीच्या धुरातून ऐकली. आज माझ्या ओट्यावर फोन उभा असतो, तो बहुधा त्यामुळेच.

चिरंजीवांनी पुण्याहून हिशेब पाठवला. खुर्चीपासून भिंत नऊ फुटांच्या आसपास आहे. पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावर बसावे असा ढोबळ नियम धरला, तर आमच्या बैठकीला ६५ इंची टीव्ही शोभेल, असे त्यातून निघाले. त्यावर यजमानांनी हिशोबाच्या वहीत भिंत आखली. ६५ इंची तिथे मावणार नव्हताच, म्हणून ५५ इंचीचा हिशेब केला. ५५ इंच हा कर्ण असतो. त्या टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर भरते, म्हणजे चार फूट, आणि आमच्या खिडकी आणि देवाच्या कोनाड्यामधली मोकळी भिंत तेवढीच आहे. मग ५० इंची घ्यायचा ठरला, त्याची रुंदी सुमारे १११ सेंटिमीटर. चिरंजीवांच्या सांगण्यावरून आम्ही 'नईदुनिया'ची पाने चिकटवून त्या मापाचा कागद भिंतीवर लावला आणि आईंना विचारले की आकार बरा वाटतो का. त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "मला इथून यातली बातमी वाचता येत नाही. टीव्हीवरची येईल का?"

हा प्रश्न कोणत्याही तक्त्यापेक्षा शहाणा होता. ४के म्हणजे आडव्या ३८४० आणि उभ्या २१६० ठिपक्यांचे चित्र, एकूण ८२ लाखांहून अधिक ठिपके. फुल एचडीच्या बरोबर चौपट. निकोप डोळ्याला जितका बारीक भेद कळतो त्या हिशेबाने ५० इंची पडद्यावर साडेसहा फुटांच्या पलीकडे बसले की फुल एचडी आणि ४के यांच्यातला फरक दिसेनासा होतो. आमची खुर्ची नऊ फुटांवर, आणि तीत बसणारे डोळे चौऱ्यांशी वर्षांचे. शिवाय केबलवरच्या कित्येक वाहिन्या अजून ५७६ ओळींचेच चित्र पाठवतात. ते २१६० ओळींच्या पडद्यावर ताणून बसवताना टीव्ही मधल्या जागा अंदाजाने भरतो आणि माणसांच्या चेहऱ्यावर मेणाची झिलई येते. मी दुकानदाराला मधाऐवजी एखादी बातम्यांची वाहिनी लावायला सांगितले, तेव्हा त्याच्या कपाळावर प्रथमच थोडी आठी दिसली. पण त्याने लावली, आणि भिंतीवरचे निम्मे टीव्ही क्षणात साधारण होऊन गेले. आईंना हवी ती खालून सरकणाऱ्या पट्टीतली अक्षरे. ती कोणत्या टीव्हीवर न पसरता, न थरथरता सरकतात, एवढेच पाहून आम्ही निवड केली. आवृत्ती, स्फटिक, क्वांटम वगैरे शब्द त्याने नंतर बिलावर लिहिले.

किमतीच्या बाबतीत नशिबाने साथ दिली म्हणायची. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे नेमका घटस्थापनेच्या दिवशी, २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीस हजार धरली तर तीन हजारांचा फरक पडतो. आमच्या दुकानदाराने ही सवलत जणू स्वतःच्या खिशातून दिल्यासारखी जाहीर केली.

बसवायला कंपनीकडून आलेला मुलगा घाईत होता आणि त्याचे ड्रिल आमच्या भिंतीला लागताच तिच्यातून पिठासारखा चुना आणि विटांचा चुरा ओघळू लागला. जुन्या चुन्याच्या भिंतींत स्क्रूसाठी ठोकलेले प्लॅस्टिकचे खुंटे धरत नाहीत, हे त्याला माहीत नसावे. "अंकल, दीवार में दम नहीं है," असे सांगून त्याने टीव्ही मेजावर ठेवायला सुचवले. पण नव्या टीव्हीचे पाय दोन टोकांना, तीन फुटांच्या अंतरावर असतात आणि आमच्या मेजाची रुंदी तेवढी नाही. शेवटी आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी जाड प्लायची फळी लांब स्क्रूंनी वेगवेगळ्या विटांत अडकवली आणि त्या फळीवर लोखंडी चौकट बसवली. दहा-अकरा किलोंचे वजन त्यावर निवांत राहते. पूर्वीची नळीची पेटी उचलायला दोन माणसे लागत आणि तरी ती भिंतीवर जायचे नाव घेत नसे.

उंचीवरून मात्र खरा वाद झाला. त्या मुलाला हॉटेलातल्यासारखा टीव्ही वर, छताच्या बाजूला हवा होता. चिरंजीवांचा तक्ता सांगत होता की पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असावा, नाहीतर मान अवघडते. तक्ता बरोबर आहे, पण तो ताठ बसणाऱ्या माणसासाठी केलेला आहे. आई आरामखुर्चीत रेलून बसतात, डोके मागे टेकलेले असते आणि चष्मा दुहेरी भिंगाचा आहे: वरचा भाग लांबचे बघायला, खालचा वाचायला. रेललेल्या अवस्थेत समोरची खालची वस्तू त्या भिंगाच्या वाचायच्या भागातून दिसते, म्हणजे धूसर दिसते. मग हनुवटी छातीला लावायची आणि भुवया चढवायच्या. मी त्यांना वर्षानुवर्षे तसे बघताना पाहिले होते आणि तो त्यांचा कार्यक्रमावरचा अविश्वास आहे असे समजत होते. वर्तमानपत्राचा तोच कागद आम्ही वर-खाली सरकवून पाहिला आणि त्यांनी "इथे" म्हटले तिथे फळी ठोकली. ती जागा तक्त्यापेक्षा बरीच वर आणि त्या मुलाच्या मनातल्या उंचीपेक्षा बरीच खाली आली.

टीव्ही पहिल्यांदा चालू केला की तो लगेच काही दाखवत नाही, तो विचारतो. भाषा कोणती, वायफायचा परवलीचा शब्द काय, ईमेल कोणता, हे घर आहे की दुकान. यात 'दुकान' निवडले तर तो कायम मधासारखा झगमगत राहतो, म्हणून हा एक प्रश्न नीट वाचावा. मग करारांची पाने येतात. त्यांतल्या एकात लिहिलेले असते की पडद्यावर काय चालले आहे ते टीव्ही ओळखेल आणि कंपनीला कळवेल, जेणेकरून तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवता येतील. सगळ्यांना एकदम होकार देण्याचे बटण ठळक असते, आणि नकार देण्यासाठी एकेक चौकोन शोधून त्यातली खूण काढावी लागते. यजमानांनी ठळक बटणावर बोट नेले तेव्हा मी त्यांच्या हातातून रिमोट घेतला. चौकोन शोधले. दुकानदाराने तोंडावर विचारले होते, तेच हे यंत्र आमच्या नकळत विचारत राहणार होते, आणि त्याच्या चौकशीत दुकानदाराइतकाही जिव्हाळा नव्हता.

तशी ही चौकशी जुनी आहे. कोणता कार्यक्रम किती बघितला जातो हे मोजण्यासाठी देशभरातल्या ५० हजारांहून अधिक घरांत 'बार्क' या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेची यंत्रे बसवलेली आहेत, आणि तिथल्या रिमोटवर घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक वेगळे बटण असते. टीव्हीसमोर बसले की आपले बटण दाबायचे. मला नेहमी वाटते की आमच्या घरी ते यंत्र असते तर १९८८ मध्ये आईंनी बटण दाबले असते का. दारात उभे राहून, एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून बघणाऱ्या बाईने ते दाबायचे असते का? आणि आज, संध्याकाळच्या मालिकेत त्यांचे डोळे मिटलेले असतात, मी आवाज कमी करायला गेले की मिटल्या डोळ्यांनी "राहू दे" म्हणतात, तेव्हा?

आवाजाचे प्रकरण सगळ्यात नाजूक निघाले. टीव्ही जितके पातळ झाले तितके त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसू लागले. आवाज आधी भिंतीवर किंवा जमिनीवर जातो आणि मग आपल्याकडे येतो. वय वाढले की कानाला आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, आणि शब्दांची धार नेमकी तिथेच असते: स, श, त, क ही व्यंजने पुसली जातात आणि स्वर तेवढे उरतात. मग आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत वाढते आणि बोलणे तिथेच राहते. पहिल्या संध्याकाळी आई म्हणाल्या, "हे सगळे तोंडात सुपारी ठेवून बोलतात." चिरंजीवांनी पुण्याहून बिनतारी हेडफोन धाडले. आईंनी ते एकदा डोक्याला लावले, कापसाच्या गाद्यांमधून आपलाच श्वास ऐकला आणि काढून ठेवले. "दार कोण वाजवतंय, दूध उतू चाललंय का, काही कळायचं नाही." स्वयंपाकघर सोडून इतकी वर्षे झाली तरी त्यांचा एक कान अजून तिथेच आहे. शेवटी सेटिंगमध्ये बोलण्यावर भर देणारा एक पर्याय सापडला, खर्ज कमी केला, उंच पट्टी वाढवली. संगीत थोडे चिरके वाजते. यजमान नाके मुरडतात. पण ते तो टीव्ही बघतच नाहीत, तेव्हा त्यांच्या मताला मी तेवढेच वजन देते.

रिमोट दोन झाले, हेही सोसावे लागले. टीव्हीच्या रिमोटवर आकडे नाहीत, फक्त चार मनोरंजन कंपन्यांची नावे छापलेली मोठी बटणे आहेत, ज्यांतले एकही आईंच्या उपयोगाचे नाही आणि अंगठ्याखाली मात्र नेमके तेच येते. आकडे केबलच्या डब्याच्या रिमोटवर आहेत. टीव्ही चालू केला की तो स्वतःचे चकचकीत दुकान मांडून बसे. आई तिथेच अडकत आणि मला हाक मारत. शोधताना मला एक सेटिंग मिळाले की चालू करताच शेवटी जे बघत होतो तेच लागावे, आणि दुसरे असे की डबा सुरू केला की त्याच तारेतून टीव्हीलाही जाग यावी. आता एकच रिमोट, एकच लाल बटण. टीव्हीच्या रिमोटला मी रबर लावून फडताळात ठेवला आहे. हजारो रुपये खर्चून आणलेल्या यंत्राची बहुतेक हुशारी मी अशा रीतीने बंद करून टाकली, याचा चिरंजीवांना खेद आहे. केबलवाल्याच्या माणसाला मात्र मी बोलावून मराठी वाहिन्या वाढवून घेतल्या, कारण त्याच्या साध्या पॅकमध्ये त्या अजूनही नसतात, मागाव्या लागतात. वाहिन्या शेकडो झाल्या, पण मराठीला गिऱ्हाईक किती, हा प्रश्न रामबागेत पंचवीस वर्षांनीही तोच आहे.

जुना टीव्ही आणि थर्माकोलचे ठोकळे बरेच दिवस जिन्याखाली होते. आमच्या शहरात कचऱ्याच्या गाडीला सहा वेगवेगळे कप्पे असतात आणि इलेक्ट्रॉनिक कचरा वेगळा द्यावा लागतो. गाडीवरच्या ताईने टीव्हीकडे बघून "ये तो चालू हालत में लगता है" असे म्हटले. आवाज होता, म्हणजे तसे म्हणायला हरकत नव्हती. टीव्ही द्यायच्या आधी आईंनी त्याच्यावरचा क्रोशाचा रुमाल मागून घेतला. नव्या टीव्हीला डोकेच नाही, कडा बोटाएवढी जाड आहे, त्यामुळे रुमाल आता डब्यावर आहे आणि त्याने डब्याचा दिवा झाकला जातो.

राहता राहिला पांढऱ्या रंगाचा घोळ. कारखान्यातून आलेल्या टीव्हीचा पांढरा बहुधा निळसर असतो, कारण निळसर पांढरा दुकानात जास्त उजळ वाटतो. ज्या प्रमाणावर चित्रे रंगवली जातात तो पांढरा ६५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप), त्यामानाने उबदार. चिरंजीव दिवाळीत आले तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानाने ते प्रमाण लावून दिले, धार शून्यावर आणली आणि हालचाल गुळगुळीत करणारी युक्ती बंद केली. चित्र खरोखरच शांत, खोल दिसू लागले. आई म्हणाल्या, "हळद पडल्यासारखं दिसतंय." चिरंजीवांनी त्यांना समजावले की आजी, डोळ्याला सवय नाही, दोन दिवसांत होईल. मग आईंनी तळहाताने डावा डोळा झाकला, पडद्यावरच्या निवेदकाचा सदरा पाहिला, मग उजवा झाकून पुन्हा तोच सदरा पाहिला आणि म्हणाल्या, "याने पिवळा, त्याने पांढरा." त्यांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले आहे; उजव्याचे व्हायचे आहे. मोतीबिंदूचे भिंग पिवळट होत जाते आणि निळा रंग अडवते. ते काढून स्वच्छ भिंग बसवले की निळा पुन्हा आत येतो. एकाच माणसाला एकाच वेळी दोन वेगळे पांढरे दिसत होते, आणि आमच्यापैकी कोणी ते आजवर विचारले नव्हते, कारण जेवताना किंवा पोथी वाचताना कोणी एक डोळा झाकून बघत नाही.

आजी आणि नातू त्या संध्याकाळी बराच वेळ बसले. तो एकेक पायरी निळ्याकडे नेई, त्या आळीपाळीने डोळे झाकत आणि सदऱ्याविषयी निर्णय देत. अखेर प्रमाण आणि कारखाना यांच्या मध्ये कुठेतरी तोडगा निघाला, जो कोणत्याही तक्त्यात बसणार नाही. मला विचाराल तर तो थोडा निळसरच आहे. पण मी दारातून बघते. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरले आहे, आणि त्यानंतर हे सगळे पुन्हा लावून द्यायला यावे लागेल, असे मी चिरंजीवांना आत्ताच सांगून ठेवले आहे. त्यांनी ते फोनवर बसल्या बसल्या होईल असे म्हटले. मी म्हटले, सदरा कोण धरणार?